श्रीपतरावांची हजेरी

दुसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा स्नेहलनं कणकेनं माखलेले हात वर धरून कोपरानं कडी काढली. दारात पंचेचाळिशीचा एक माणूस उभा होता. कपाळावर हेल्मेटचा वळ, एका हातात ते हेल्मेट आणि दुसऱ्या हातात साळीच्या लाह्यांची पिशवी.

"श्रीपतराव जगतापांचं घर हेच ने?" बडोद्याकडच्या मराठीतला 'ना'चा गुजराती 'ने'.

"हो. आपण?"

"मी हेरंब साळुंके. छाणीला माझं लेथचं वर्कशॉप आहे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "'दुसरी वाट'मधून आलो. दोन दिवस काकांची हजेरी नाही. म्हटलं, जाऊन बघून यावं."

 स्नेहलनं आपल्या पाठीमागे दार पायानंच ओढून घेतलं आणि ती बाहेर जिन्यापाशी येऊन उभी राहिली.

"आबा बरे आहेत," ती म्हणाली. "झोपलेत."

दाराआडून टीव्हीवरच्या कुस्तीचा गलका येत होता. एवढा मोठा, की वरच्या मजल्यावरच्या माणसालाही कोण चीत झालं ते कळावं. हेरंबनं क्षणभर कान दिला.

"झोपेत कुस्ती बघतात?"

त्यानं चेष्टेतच विचारलं होतं, पण स्नेहलला हसू येईना. चार महिने तिनं जे निभावून नेलं होतं ते आता याच जिन्यात उघडं पडणार, हे तिला दिसत होतं.

'दुसरी वाट' हा पोटावर पिशवी असलेल्या माणसांचा समूह होता. आजारपणात आतड्याचा नेहमीचा रस्ता बंद करावा लागला, की डॉक्टर पोटावर दुसरं तोंड काढून देतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. ऑपरेशन कसं करायचं ते डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. पण ती पिशवी घेऊन लग्नाच्या पंगतीत कसं बसायचं, एसटीत रात्र कशी काढायची, देवळात जायचं की नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. बडोद्यातल्या एका इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसून बसून ओळख झालेल्या सात जणांनी एकमेकांचे नंबर घेतले, तिथून हे सुरू झालं. आनंदीताई म्हणून एक निवृत्त ग्रंथपाल होत्या, त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि नावही त्यांनीच दिलं. सात वर्षांत सातांचे अकराशे झाले. सुरत, नाशिक, सोलापूर, बेळगाव, इंदूर. दोघं तर मस्कतचे. गर्दी वाढली तशी ताईंनी पुस्तकांची कपाटं लावावीत तशी त्याची व्यवस्था लावली. जेवणाखाण्याच्या शंका 'स्वयंपाकघरा'त, आंघोळीच्या 'न्हाणीघरा'त, आणि 'प्रवासा'चं आणखी वेगळं. तिथं इंदूरचे एक नामवंत वकील सोलापूरच्या रिक्षावाल्याला विचारत, की सहा तास कोर्टात एका जागी बसायचं तर सकाळी काय खाऊन निघू. आणि रिक्षावाला त्यांना कलमवार उत्तर देई. विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा पाण्यात अडकलेल्या तिघांना नव्या पिशव्या मिळेनात, तर सावली गावचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन निघाला आणि कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर खोकं धरून पोचवून आला. कौतुक झालं त्यावर त्याचं उत्तर एवढंच होतं, की खोकं कोरडं राहिलं.

नियम दोनच. रोज सकाळी नऊच्या आत 'हजर' असं लिहायचं. दोन दिवस कुणाची हजेरी लागली नाही, तर जो सर्वात जवळ राहतो त्यानं घरी जाऊन बघायचं. आणि दुसरा नियम, घरच्यांना प्रवेश नाही. बायको नाही, मुलगा नाही, कुणी नाही. घरच्यांसमोर जे बोलता येत नाही ते बोलायला एक तरी जागा असावी, असं आनंदीताईंचं म्हणणं होतं, आणि त्याला त्यांनी एकही अपवाद केला नव्हता.

स्नेहलनं हा दुसरा नियम पहिल्या दिवसापासून मोडला होता. तिच्या सासऱ्यांचं, श्रीपतरावांचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. चाळीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवलेला माणूस. एकाहत्तराव्या वर्षीही शिट्टी न वाजवता नुसत्या नजरेनं रांग सरळ करील असा. घरी आल्यावर तिनं त्यांना ग्रुपबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "मला असल्यांचा मेळा नको." त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. पिशवीचं सगळं स्वतः करायचे, न्हाणीघराची कडी लावून. सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना विचारील असंही कुणी नव्हतं. आणि हळूहळू त्यांनी जेवण सोडलं. ताट खोलीत मागवायचे, आणि परत यायचं त्यात अर्धी पोळी, भात तसाच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: औषधाचे चार डोस अजून बाकी आहेत, आणि वजन पन्नासच्या खाली गेलं तर ते देता येणार नाहीत. मागच्या सोमवारी काटा एक्कावन्नवर होता. पुढच्या सोमवारी पुन्हा वजन होतं.

तेव्हा स्नेहलनं आपल्या दुसऱ्या नंबरावर सासऱ्यांचा फोटो लावला आणि त्यांच्या नाव-पत्त्यानं ग्रुपमध्ये शिरली. सकाळी डबे भरता भरता 'हजर' लिहायची. 'मी काल थोडा भात खाल्ला, पण पोट गच्च झालं, काय करू?' असं विचारायची. पलीकडून दहा जण उत्तर द्यायचे. गुरुवारी तिचा फोन कपड्यांच्या बादलीत पडला आणि दुरुस्तीला गेला. हजेरीचा नियम तिला आठवला होता. पण खोट्या माणसाची खरी चौकशी करायला कोण येणार, असं धरून ती गप्प राहिली.

आणि हा माणूस बारा किलोमीटर स्कूटर मारत आला होता.

"हेरंबभाई," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. आबा ग्रुपमध्ये नाहीतच. कधीच नव्हते. मी त्यांची सून. ते सगळं मीच लिहीत होते."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट हातावरची कणीक वाळून ताठ झाल्याचं जाणवलं.

हेरंबनं हेल्मेट पायरीवर ठेवलं. "ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्या आठवड्यातच ठाऊक झालं. आनंदीताईंनी ओळखलं."

"कशावरून? मी तर फार जपून लिहीत होते."

"तुमचा एकूण एक प्रश्न जेवणाचा होता, वहिनी. काय खाऊ, किती खाऊ, कसं शिजवू. पिशवी लावून जो घरी येतो ने, तो जेवणाचं नंतर विचारतो. पहिल्या आठवड्यात तो एकच विचारतो."  इथवर बिनधास्त बोलणारा माणूस एकदम शब्द निवडू लागला. "आवाजाचं."

"कसला आवाज?"

"आपल्या पोटाचा. म्हणजे, त्या वाटेला तोंड आहे, पण आवरायला काही नाही. तुमच्या-आमच्यासारखं धरून ठेवता येत नाही. केव्हाही वाजतं. चार माणसं बसलीयत, सगळं शांत आहे, आणि वाजलं. त्यात जेवताना तर हमखास. बाकी सगळ्याची माणसाला सवय होते, पण त्या आवाजानं माणूस मरून जातो हो. मी दोन महिने वर्कशॉपमध्ये लेथ चालू ठेवून डबा खायचो. पोरांना वाटायचं, शेठ फारच कामसू झाले."

आत कुणीतरी कुणाला तरी उचलून आपटलं आणि प्रेक्षकांनी एकच आरडाओरडा केला. स्नेहल बंद दाराकडे बघत राहिली.

चार महिने ती त्या टीव्हीशी भांडत होती. ताट आत गेलं की आवाज वाढायचा. शेजारच्यांनी दोनदा तक्रार केली. तिच्या नवऱ्यानं, मयंकनं, वाघोडियाहून कामावरून येताना कानाला लावायचे चांगले महागातले हेडफोन आणले. श्रीपतरावांनी त्याचं खोकंसुद्धा उघडलं नाही. मागच्याच आठवड्यात ती त्यांना तोंडावर म्हणाली होती, "आबा, बहिरे व्हाल." त्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं होतं. त्या बघण्याचा अर्थ तिला आता कळला, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"मग तुम्ही मला काढलं का नाही?" तिनं विचारलं. "नियम आहे ना?"

"बोलणं झालं ने त्यावर. आनंदीताई म्हणाल्या, ती विचारतेय तोवर त्या घरात शिजतंय. जागा श्रीपतरावांच्या नावाची आहे, ती अडवून ठेवतेय, ठेवू दे. 'स्वयंपाकघरा'तल्या सगळ्यांना सांगून ठेवलं, की श्रीपतरावांना लिहाल ते नीट मापं देऊन लिहा, वाचणारीला रांधायचं आहे."

स्नेहलला बेळगावच्या मावशींचा निरोप आठवला. 'श्रीपतराव, एका वाटी तांदळाला साडेचार वाट्या पाणी घाला, मऊ झाला की पळीनं घोटा, आणि ताक नेहमी ताजंच घ्या.' एकाहत्तर वर्षांच्या, आयुष्यात गॅसही न पेटवलेल्या पुरुषाला ही बाई पळीचं काय सांगतेय, म्हणून ती तेव्हा हसली होती. मस्कतच्या गृहस्थांनी तर कुकरच्या शिट्ट्या मोजून लिहिल्या होत्या. ज्यांना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं त्या माणसांनी चार महिने तिची फसवणूक तिच्याइतक्याच जपून सांभाळली होती. तिचे डोळे भरून आले आणि हात कणकेचे असल्यामुळे पुसताही येईनात.

दार आतून उघडलं.

श्रीपतराव उंबऱ्यात उभे होते. सैल पायजमा, त्यावर गुडघ्यापर्यंतचा झब्बा, डावा हात पोटावर. उंची तेवढी पूर्वीची राहिली होती.

"कोण आहे, स्नेहल?"

"नमस्कार काका," हेरंब म्हणाला. "छाणीहून आलो. हेरंब साळुंके. तुमचं ऑपरेशन झालं, तसंच माझंही झालंय. सहा वर्षांपूर्वी."

श्रीपतरावांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते सुनेकडे बघत होते. "तू सांगितलंस?"

आता अर्धवट बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," स्नेहल म्हणाली. "आणि तेवढंच नाही, आबा. तो ग्रुप आहे म्हणून मी सांगितलं होतं ना, त्यात तुमच्या नावानं मी लिहिते. चार महिने झाले. तुमचा फोटो लावून."

"माझ्या नावानं."

"हो."

"काय लिहिलंस?"

"जेवणाचं. तुम्हाला काय पचेल ते. बाकी काही नाही, शप्पथ."

"किती माणसं आहेत त्यात?"

 उत्तर हेरंबनं दिलं. "अकराशे. सगळी आपल्यातलीच, काका."

श्रीपतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वळले, आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग टीव्हीचा आवाज आणखी दोन पायऱ्या चढला.

"झालं," स्नेहल म्हणाली. "आज अर्धी पोळीसुद्धा जायची नाही. सोमवारी वजन आहे हो त्यांचं."

हेरंबनं चपला काढल्या, लाह्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि विचारलं, "जेवायला काय केलंय?"

"आं?"

"बारा वाजून गेले. मी जेवूनच जाईन म्हणतो. शाक कसलं आहे?"

"दुधीचं. वरण-भात. पोळ्या करतेच आहे."

"एकदम सरस. दोन ताटं वाढा. एक माझं, एक काकांचं, समोरासमोर. जगताप तुम्ही, म्हणजे संस्थानच्या जुन्या पागेतले ने? मग तुमच्याकडेही पाहुण्याला एकट्यानं जेवू देत नसतील. आमच्या घरात तर आजोबांचा कायदाच होता."

स्नेहलच्या लक्षात आलं, आणि ती या माणसाकडे बघतच राहिली. जगतापांच्या घरात हा रिवाज होताच. दारी आलेला पाहुणा पानावर बसला की घरच्या कर्त्यानं समोर बसायचं, आणि कर्त्यानं पहिला घास घेतल्यावर पाहुण्यानं घ्यायचा. हे खानदान संस्थानच्या फौजेत होतं तेव्हापासूनचं. नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, जमिनीवरची पानं टेबलावर आली, पण श्रीपतरावांनी हे कधी चुकवलं नव्हतं. एकदा अंगात सणसणून ताप असताना ते विम्याच्या एजंटासमोर एका घासापुरतं ताट घेऊन बसले होते, केवळ तो जेवणाच्या वेळी टपकला होता म्हणून.

पण आजारपणापासून या घरात जेवणाच्या वेळी कुणाला येऊच दिलं नव्हतं.

तिनं दोन ताटं वाढली. हेरंब हात धुऊन बसला आणि ताटाला हातही न लावता इकडंतिकडं बघू लागला. भिंतीवरच्या फोटोत श्रीपतराव पन्नास पोरांच्या रांगेपुढं छाती काढून उभे होते, तो त्यानं निवांत न्याहाळला. मग खोलीच्या दाराकडे तोंड करून, टीव्हीच्या वर जाईल अशा बेतानं पण अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, "काका, मी बसलोय हं."

आत कुस्ती चालूच राहिली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. वरणावर साय धरली. स्नेहलनं पोळ्या संपवल्या आणि उगाचच ओटा पुसला. हेरंबनं खिशातून फोनसुद्धा काढला नाही. लेथवर काम करणाऱ्या माणसाला एका गोष्टीकडे बघत थांबायची सवय असावी. पंधराव्या मिनिटाला स्नेहल पुढं झाली. "तुम्ही तरी सुरू करा. गार होतंय."

"कर्त्याशिवाय कसं सुरू करू?" हेरंब म्हणाला, आणि हेही त्यानं दाराकडे बघूनच म्हटलं.

वीस मिनिटांनी दार उघडलं. टीव्ही आत चालूच होता. श्रीपतराव बाहेर आले ते थेट स्नेहलवर.

"पाहुण्याला उपाशी बसवलंस? या घरात?"

"मी म्हटलं त्यांना," स्नेहल म्हणाली.

श्रीपतरावांनी खुर्ची ओढली, खोलीचं दार सताड उघडं आहे आणि कुस्तीचा गलका इथवर येतोय याची नजरेनं खात्री केली, आणि ते बसले. पाच महिन्यांनी त्या खुर्चीवर बसले. पोळीचा एवढासा तुकडा मोडून त्यांनी वरणाला लावला आणि तोंडात टाकला.

"घ्या," ते पाहुण्याला म्हणाले.

हेरंब भुकेल्या माणसासारखा जेवायला लागला. पिशवीचं त्यानं अक्षर काढलं नाही. तो लेथबद्दल बोलला, छाणीच्या रस्त्याबद्दल बोलला, आणि मग शाळेत आपल्याला मल्लखांबावर कसं चढताच आलं नाही ते सांगायला लागला.

"पकड चुकत असेल," श्रीपतराव म्हणाले. "मांडीनं धरायचं सोडून सगळे हातानं धरतात."

"बरोबर. तेच ने. आमच्या सरांनी हे कधी सांगितलंच नाही."

"मग ते सर कसले!"

बोलता बोलता श्रीपतरावांची दुसरी पोळी निम्मी झाली होती. स्नेहल ओट्याशी पाठ करून उभी होती, कारण आपण बघतोय हे कळलं तर घास थांबेल अशी तिला भीती वाटत होती.

तेवढ्यात स्नेहलची मुलगी पूर्वी आली. दहा वर्षांची पोर. चित्रकलेच्या क्लासहून येऊन तिनं दारातच चपला उडवल्या, आणि आजोबा टेबलाशी बसलेत हे बघून ती इतकी खूश झाली की तिला पुढं काय करावं सुचेना. "आबा! अरे वा! पण केवढ्यानं लावलाय टीव्ही!" म्हणत ती आत धावली आणि तिनं तो बंद केला.

घर एकदम शांत झालं. पंख्याचा आवाजही ऐकू यायला लागला. श्रीपतरावांचा घास हातातच राहिला. पूर्वी येऊन आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि बसतेय तोच आवाज झाला.

लांब, फुगा सोडावा तसा. टेबलावरच्या कुणालाही ऐकू न आल्याचं सोंग करता येऊ नये एवढा स्पष्ट.

पूर्वीचे डोळे मोठे झाले. श्रीपतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांचे दोन्ही हात उठण्यासाठी टेबलाच्या कडेवर आले.

"माफ करा हं," हेरंब म्हणाला. त्यानं स्वतःच्या पोटावर हलकेच थाप मारली. "आमचं हे असंच. दुधी आवडला की बोलतं."

"पोट बोलतं?" पूर्वीनं विचारलं.

"माझं बोलतं. ऑपरेशन झालंय ने इथं, दुसरा दरवाजा काढून दिलाय डॉक्टरांनी. घंटी मात्र बसवायची विसरले, मग ते आपलं आपणच ओरडतं."

पूर्वी खुदकन हसली. "काय म्हणालं आत्ता?"

"म्हणालं, आणखी वाढा."

ती टेबलावर डोकं टेकून हसत सुटली. हेरंबही हसला. स्नेहलनं श्रीपतरावांकडे बघितलं. ते पाहुण्याकडे बघत होते. रागानं नाही, हसूनही नाही. एखाद्या नव्या पोरानं अवघड उडी मारली की ती नीट पडली का हे बघावं, तसं. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांचे हात टेबलाच्या कडेवरून खाली आले.

"स्नेहल," ते म्हणाले, "भात आण."

तिनं आणला. त्यांनी वाटीभर घेतला, कालवला आणि संपवला. मग स्वतःच हात लांब करून आणखी दोन डाव घेतले. पूर्वी त्यांना क्लासमधलं काहीतरी सांगत होती आणि ते मान हलवत होते. मध्ये आणखी एकदा आवाज झाला, बारीकसा. हेरंबनं नुसतीच भुवई उचलून स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि पूर्वीला परत हसायला कारण मिळालं.

जेवण झाल्यावर हेरंबनं ढेकर दिली, पट्टा एक भोक सैल केला आणि हात धुतले. निघताना तो श्रीपतरावांच्या पाया पडला. "येतो काका. मल्लखांबाचं राहिलंच आपलं."

"तुमचं वय गेलं त्याचं," श्रीपतराव म्हणाले. "पण या."

स्नेहल त्याला खालपर्यंत सोडायला गेली. तिला खूप काही म्हणायचं होतं. म्हटलं एवढंच, की फोन संध्याकाळी मिळेल, मग तुम्ही मला ग्रुपमधून काढा, आता राहणं बरं दिसत नाही. हेरंबनं हेल्मेट चढवलं. "ते आनंदीताई बघतील," तो म्हणाला. "लाह्या ताकात भिजवून द्या, त्यानं पिशवीतलं घट्ट राहतं." आणि किक मारून गेलासुद्धा.

ती वर आली तेव्हा पूर्वी आत कपडे बदलत होती. श्रीपतराव अजून टेबलाशीच होते. ताट उचललं नव्हतं. बोटानं ते ताटातली शितं गोळा करत होते.

"आबा, मी चुकले," स्नेहल म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंस. मी नाही म्हणालो." त्यांनी गोळा केलेली शितं तोंडात टाकली. मग, बराच वेळ मनात घोळलेलं बाहेर काढावं तसं ते म्हणाले, "त्याला पिशवी नाही."

"कुणाला?"

"त्या साळुंकेला. पट्टा बघितलास? ऐन त्या जागेवर आवळलेला. पिशवीवाला माणूस तिथं नाडीसुद्धा बांधत नाही. आणि बसताना, उठताना एकदाही हात पोटाकडे गेला नाही त्याचा. असेल कधीतरी. काहींची पुढं काढतात, आतडं पुन्हा जोडून देतात. माझी नाही निघायची."

एवढं ते पाच महिन्यांत तिच्याशी कधी बोलले नव्हते. स्नेहल समोरच्या खुर्चीवर बसली. रोज सकाळी साडेसहाला लागणारी हेरंबची हजेरी तिनं किती वेळा पाहिली होती.

"मग ते तिथं अजून कशाला आहेत?"

"तू कशाला होतीस?"

 आतल्या खोलीतून पूर्वीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. आणि मग पुढची गोष्ट स्नेहलच्या लक्षात आली, आणि ती विचारावी की नाही हे ठरायच्या आत तिच्या चेहऱ्यावर दिसलीही असावी.

"माझा," श्रीपतराव म्हणाले. "दोन्ही वेळा माझाच होता. त्याचा कुठून असणार?"

त्यांनी ताट उचललं, मोरीपाशी नेऊन ठेवलं, आणि तिथंच पाठमोरं उभं राहून म्हणाले, "रात्री मयंक आला की चौघांची पानं एकदमच वाढ."